लोटन आबा आणि डिकॉम्पची कळ

लोटन आबांच्या उजव्या पायात बूट असायचा आणि डाव्या पायात चप्पल. पारोळ्यात नवी असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हाताऱ्याच्या पायाला जखम असेल असं समजले. मी नर्स. मला माणसाचा पाय दिसला की आधी जखम दिसते. पण तो बूट जखमेसाठी नव्हता, मोटरसायकलला किक मारण्यासाठी होता. लष्करी, जाड तळव्याचा, टाचेला नाल ठोकलेला. डाव्या पायाला गाडी सुरू करण्यात काही काम नाही, म्हणून त्याला चप्पल.

"डावा पाय पाहुना शे," आबा म्हणायचे. "राबस तो उजवा."

माझी दवाखान्यात जायची आणि आबांची गाडी सुरू करायची वेळ एकच होती, त्यामुळे तो सोहळा मला रोज बघावा लागे. आबा टोपी काढून ओट्यावर ठेवत. धोतराचा काचा मारत. गाडी गल्लीत आणून उभी करत, आणि आजूबाजूला पुरेशी माणसं जमली आहेत ना, हे पाहून घेत. मग पहिली किक. गाडी ढिम्म. दुसऱ्या किकला दांडा अर्ध्यातूनच उसळून परत यायचा आणि आबा एका पायावर नाचायचे. असं चारदा-पाचदा झालं की एकदम तोफ उडावी तशी गाडी पेटायची, समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची, कुणाचं तरी तान्हं रडायला लागायचं. घामाने निथळत आबा सगळ्यांकडे असे बघायचे, की आजचा सूर्य त्यांनीच उगवून दिला आहे. मग ते गाडीवर बसून चहा प्यायला बसस्टँडवर जायचे. बसस्टँड आमच्या गल्लीच्या तोंडावर होतं. तेवढ्या वेळात चालत गेलेला माणूस चहा पिऊन परत आला असता.

आबा हाडवैद्य होते. धुळे-जळगाव रस्त्यावरच्या गावांत कुणाचा हात निखळला, पाय मुरगळला, की माणूस आमच्या सरकारी दवाखान्यावरून पुढे जायचा आणि आबांच्या ओट्यावर टेकायचा. म्हणजे ते माझे धंद्यातले शत्रू, आणि तेच माझे घरमालक. हे कसं झालं तेही सांगते. बदली होऊन आले तेव्हा खोलीसाठी मी गावभर हिंडले. दारात बाया हसून बोलायच्या, नाव विचारायच्या, मग आडनाव विचारायच्या, आणि आडनाव ऐकलं की त्यांना अचानक आठवायचं की खोलीत कांदे भरायचे आहेत. मी भडगावकडची, बौद्ध घरातली. कांद्यांचा हा हंगाम मला लहानपणापासून ठाऊक होता. आबांनी आडनाव विचारलंच नाही. मीच सांगितलं, पुढचा ताप नको म्हणून.

आबा म्हणाले, "सिस्टर, मन्हा बोटले हाड लागस, आडनाव लागत नही. वरनी खोली खाली शे. फक्त माले सुई टोचानी नही."

एवढं एक वाक्य त्यांच्या नावावर जमा आहे म्हणून बाकीचं मी हसत सांगू शकते.

प्लास्टर या गोष्टीचा त्यांना मनस्वी राग होता. "पलास्तर म्हंजे पायले जेल," ते म्हणायचे. "गुन्हा कोनी करा? दगडनी. आनि जेल कोनले? पायले!" एक्स-रेलाही ते 'फोटो' म्हणायचे, आणि लग्नाच्या फोटोइतकीच किंमत द्यायचे. स्वतःची रीत मात्र बघण्यासारखी होती. खांदा निखळलेला माणूस आला की ते त्याचा हात हळूच हातात घेत आणि विचारत, "तुन्ही सासू कसी शे?" माणूस वेदना विसरून क्षणभर गोंधळायचा, काही तरी सांगायला तोंड उघडायचा, आणि तेवढ्यात 'खट्'. खांदा जागेवर. सासूविषयीचं उत्तर मात्र अर्धवट राहायचं.

ती गाडी त्यांना बक्षीस मिळाली होती. धुळ्याच्या एका ठेकेदाराने ती लष्कराच्या लिलावात घेतलेली, पाचशे सीसीची, एका सिलिंडरची. आबांनी त्याचं मनगट बसवलं, तेव्हा त्याने गाडीच देऊन टाकली. लोक वैद्याला कोंबडी देतात, तूप देतात. हा माणूस गाडी देऊन गेला, आणि जाताना त्याच्या चेहऱ्यावर मुलगी चांगल्या घरी पडल्याचं समाधान होतं. मनगट कशाने गेलं होतं हे आबांनी त्याला विचारलं नव्हतं. आम्हाला ते पुढे आपोआप कळलं.

आहे ती गाडी चालवावी, तर आबांना ती आणखी जोरदार हवी झाली. धुळ्याच्या रशीद मिस्त्रीने सिलिंडर घासून भोक मोठं केलं, वरून फुगीर डोक्याचा मोठा पिस्टन बसवला. आता आत एवढा दाब साठायला लागला की किकचा दांडा माणसाचं ऐकेना. रशीद मिस्त्री गाडी पोचवायला स्वतः आला, तीही टेम्पोत घालून.

"आबा, ये अब गाडी नहीं रही, रेडा है," तो म्हणाला. "डिकॉम्प लावून घ्या. नाही तर मी याची जबाबदारी घेत नाही."

डिकॉम्प म्हणजे काय, हे त्याने ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला समजावलं. सिलिंडरच्या हेडला एक छोटं भोक पाडायचं, त्यात बारीक व्हॉल्व्ह बसवायचा, आणि त्याची कळ हँडलला आणायची. कळ दाबली की कोंडलेला दाब फुस्स करून निघून जातो. मग पिस्टन आरामात वरच्या टोकापलीकडे न्यायचा, कळ सोडायची आणि किक मारायची. दांडा उलटा येत नाही, पाय शाबूत राहतो. आधी गाडीला अशीच सोय होती, पण ती कधीच मोडून पडली होती, आणि नव्या हेडला भोकच नव्हतं.

आबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "डोकाले भोक पाडं ते मानूस जगस का?"

"आबा, हे माणसाचं डोकं नाही."

"मंग काय शे? हेड म्हंजे डोकंच ना? मी लोकेस्ना हाडे जोडस, आनि मन्ही गाडीना डोकाले भोक पाडू?"

तिथून गावात चर्चेला ऊत आला. ज्यांच्याकडे मोटरसायकली होत्या ते, ज्यांच्याकडे नव्हत्या ते आणि ज्यांना सायकलही येत नव्हती ते, सगळे संध्याकाळी ओट्यावर येऊन इंजिनाच्या दाबावर बोलू लागले. एक म्हणे, भोक पाडलं की हेडला तडा जाणार. दुसरा म्हणे, व्हॉल्व्हवर काजळी धरली की दाब गळणार आणि गाडी चढावर बसणार. या दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, असं रशीद मिस्त्रीही कबूल करायचा. "पण तडा हेडला जाईल का कधी तरी, हा प्रश्न आहे," तो म्हणायचा. "पाय तर आजच जाईल." यावर ओट्यावरचं मत असं पडलं की मिस्त्री घाबरट आहे.

आबांचा खरा मुद्दा हेडचा नव्हताच. "दाब सोडीसन सुरू करी ते काय मरदानी गाडी?" ते म्हणायचे. कळ दाबून गाडी सुरू करणं त्यांना गुडघे टेकण्यासारखं वाटे. त्यांच्या पत्नी, अक्का, आतून भाकरी थापता थापता एकदा म्हणाल्या, "मर्दानी शे ते रोज तुमलेच का लाथ मारस?" ओट्यावर कुणीच हसलं नाही, कारण आबा बघत होते. मी वर खोलीत जाऊन हसले.

एकदा मीही बोलले. म्हटलं, "आबा, तुम्ही खांदा बसवताना सासूचं विचारता. माणूस सैल पडतो, मग तुम्ही झटका देता. हे डिकॉम्पच की."

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सिस्टर, मानूसनं येगळं ऱ्हास." कसं वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांची मुलगी माहेरी आली होती. तिला न्यायला जावई आला, प्रकाशराव. जळगावच्या एका पाईपच्या कारखान्यात सुपरवायझर, इस्त्रीची पँट, खिशाला पेन. आमरस-पुरणपोळीचं जेवण झाल्यावर आबांनी गाडी बाहेर काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मारा एक किक, जावईबापू." जावयाला नाही म्हणता येईना. त्याने पायातला सँडल घट्ट केला आणि किक मारली. दांडा उलटा आला आणि प्रकाशराव ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले. घोटा निखळला होता. आबा आनंदाने पुढे धावले. त्यांनी घोटा हातात घेतला, "तुमनी सासू कसी शे?" असं सवयीने विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सासू दारातच उभी आहे. घोटा बसला. जावई मानपानाला आला आणि पट्टी बांधून परत गेला. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. आबा मात्र म्हणत होते, "देखा, कसा झटकामा बसना!"

असं ते चालू राहिलं. गाडीने मोडायचं, आबांनी जोडायचं. एका घरात दोन्ही धंदे.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ. शेजारच्या मळ्यातला एक शेतकरी सायकल मारत धापा टाकत आला. त्याची बायको कडब्याच्या गाडीवरून पडली होती, खांदा निखळला होता आणि ती गुरासारखी ओरडत होती. आबांनी लगेच टोपी काढली.

मी म्हटलं, "आबा, त्यांच्या सायकलवर मागे बसा. पोचाल लवकर."

"सायकलवर? मी?" आबा म्हणाले. त्यांनी घाईत गाडी ओढली. माणसं जमलीत का हे त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांना खरंच त्या बाईपर्यंत पोचायचं होतं. पिस्टन कुठे आहे हे न बघता त्यांनी सगळं अंग टाकून किक मारली.

वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला. आबा खाली बसले. ओरडले नाहीत. त्यांनी स्वतःच्या नडगीवरून बोटं फिरवली, डोळे मिटले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन्ही हाडे मोडनात. मोठं आडवं, बारीक तिरपं." जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. मग त्या शेतकऱ्याकडे बघून म्हणाले, "तिले आठेच लई ये."

त्याने बैलगाडीत घालून तिला आणेपर्यंत मी आबांच्या पायाला दोन फळ्या बांधल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती आली तशी त्यांनी तिला स्वतःच्या खाटेच्या कडेला बसवायला लावलं, पडल्या पडल्या तिचा हात धरला आणि विचारलं, "बेटा, तुन्ही सासू कसी शे?" ती बाई ओरडायची थांबली आणि म्हणाली, "मरी गयी." आबा हसले, तीही हसली, आणि खांदा जागेवर गेला. मी सरकारी नोकर. असल्या उपचारांविरुद्ध मी गावोगाव भाषणं दिली आहेत. पण त्या वेळी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण पाय फळ्यांत होता.

आता प्रश्न उरला आबांच्या पायाचा. स्वतःचा पाय स्वतःला ओढता येत नाही. ज्याला त्यांनी विद्या शिकवली होती, त्या पुतण्याने पायाला हात लावला आणि तोच घेरी येऊन खाली बसला. मी म्हटलं, "आबा, जळगावला हाडांच्या दवाखान्यात जाऊ." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीलाच म्हणाले, "लोके इचारतीन ते सांगज्यात, मुक्ताईना दर्शनले गयात."

तसंच सांगितलं. मुक्ताईनगर जळगावच्याच पुढे, रस्ता तोच. शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागे गादी घातली, आबांना झोपवलं, मागचा कापडी पडदा सोडला. लोकांनी जीपला हात जोडून "मुक्ताईले आमनाबी नमस्कार सांगज्यात" म्हटलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही थांबलो होतो. बाकावर एक शेतकरी बसला होता, एरंडोलकडचा. त्याचा डावा हात कोपराखाली धनुष्यासारखा वाकला होता. आबांना स्ट्रेचरवर बघून तो उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आबा, तुमीबी आठे?"

आबा त्याच्या हाताकडे बघत राहिले. "हाऊ हात... मीच बसाडेल का?"

"हाव आबा, तुमीच. डॉक्टर म्हनस, परत मोडीसन सरळ करना पडी." तो अगदी सहज बोलला. तक्रार नव्हती. उलट ओळख निघाल्याचा आनंद होता.

आबांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्या वाकावरून बोटं फिरवली. पुन्हा पुन्हा फिरवली. त्याला आत बोलावलं तेव्हा त्याने हात सोडवून घेतला. आबांची बोटं तशीच हवेत राहिली.

आतला डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रे दिव्यावर लावला आणि सांगितलं, मोठं हाड मोडलं आहे, बारीक हाड शाबूत आहे, पण घोट्याला एक चीर आहे.

"बारीकबी मोडेल शे," आबा म्हणाले.

"नाही बाबा, हे बघा ना."

"हाऊ फोटो दुसराना शे." आबा माझ्याकडे वळले. "सिस्टर, नाव वाच."

मी नाव वाचलं. त्यांचंच होतं. ते डॉक्टरकडे वळून म्हणाले, "कर भो, तुले करनं ते." जणू मोठा मान देत होते.

मुक्ताईच्या दर्शनाला गेलेला माणूस मांडीपर्यंत प्लास्टर घालून परत आला. गल्लीने अतिशय सभ्यपणे विचारलं, "दर्शन कसं व्हयनं, आबा?" आबा म्हणाले, "गर्दी व्हती."

रशीद मिस्त्री धुळ्याहून भेटायला आला. येताना खिशात व्हॉल्व्ह घेऊनच आला होता, पण त्याने तो काढला नाही. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. शेवटी आबाच म्हणाले, "बसाडी दे तो. मन्हासाठे नही. जावईसाठे."

"हां, जावईसाठीच," मिस्त्री म्हणाला, आणि हेड खोलायला गेला. प्रकाशराव त्यानंतर सासरी आले तेव्हा गाडीच्या सावलीलाही उभे राहिले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

प्लास्टर निघालं. आबा किंचित लंगडत. पण एका सकाळी टोपी पुन्हा ओट्यावर आली, काचा मारला गेला, गल्ली दारात आली. हँडलच्या कळीवर आबांनी दृष्ट लागू नये म्हणून काळं फडकं बांधलं होतं. त्यांनी गाडीवर हात ठेवला, शेजाऱ्याला मोठ्याने कापसाचा भाव विचारला आणि ऐन वेळी जोरात खोकले. त्या खोकल्याच्या आड बारीक 'फुस्स' ऐकू आलं. मग एक किक, आणि गाडी सुरू.

"देखा!" आबा म्हणाले.

मी पारोळ्यात होते तोवर रोज सकाळी आबांना तो खोकला आला. दिवसभरात दुसऱ्या कुठल्याही वेळी यायचा नाही. गल्लीतल्या एकानेही कधी चेहरा हलू दिला नाही. एक म्हातारी तर मनापासून काढ्याची बाटली देऊन गेली.

आणखी एक फरक पडला, त्याचा मात्र आबांनी कुठेच गाजावाजा केला नाही. कुणी मोडलेलं हाड घेऊन आला, आणि आबांची बोटं एखाद्या जागी जरा जास्त रेंगाळली, की ते म्हणायचे, "आधी फोटो काढी ये. नुसता फोटो. पलास्तर करानं का नही ते मंग देखू." लोक फोटो काढायला जायचे आणि तिथेच प्लास्टर करून यायचे. आबांना ठाऊक होतं. ओट्यावरची गर्दी कमी झाली. निखळलेले खांदे आणि घोटे तेवढे येत राहिले. सासवांच्या चौकशा चालू राहिल्या.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. तिथे एक दिवस दवाखान्याच्या ओल्या जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. ही गोष्ट आबा गेले त्याच्या आदल्या वर्षीची. त्यांना कुणी कळवलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात उभे. एसटीने आले होते. हातात अक्कांनी दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. माझ्या हाताला प्लास्टर होतं. त्यांनी प्लास्टरबाहेर आलेली माझी बोटं एकेक करून दाबली, हलवून बघायला लावली. मला वाटलं, आता जेलची गोष्ट निघणार.

"फोटो कोठे शे?" त्यांनी विचारलं.

उशाशी पाकीट होतं, ते दाखवलं. आबांनी एक्स-रे बाहेर काढला, खिडकीपाशी गेले, दोन्ही हातांनी उजेडात धरला. एक डोळा बारीक केला. मान डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. मग एखाद्या मोठ्या सर्जनने म्हणावं तसं सावकाश म्हणाले, "झकास बसाडेल शे, सिस्टर. मालेबी आसं जमतं नही."

एक्स-रे त्यांनी उलटा धरला होता. बोटं खाली आणि कोपराकडची बाजू वर. मी तो सुलटा करून दिला नाही.